फ्रेंच वाङ्मयातील सत्तावन साल

इ. स. १८५७ हे साल उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी आणि ग्वाल्हेर ही नावे उभी राहतात. त्याच वर्षी मुंबईत विद्यापीठ स्थापन झाले. बेळगावी जन्मलेल्या बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात कंपनी सरकारने हिंदुस्थानातील छापखान्यांवर परवान्याची सक्ती केली. सत्तेला छापील अक्षराचे भय वाटत होते ते मात्र केवळ हिंदुस्थानात नव्हे. ज्या देशाने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, त्या फ्रान्समध्ये त्या एका वर्षात तीन ग्रंथ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. आणि तिन्ही वेळा सरकारतर्फे उभा राहिला तो एकच वकील, एर्नेस्त पिनार.

त्या वेळी फ्रान्सच्या गादीवर तिसरा नेपोलियन होता. १८५१ च्या डिसेंबरात लष्कराच्या बळावर त्याने लोकसत्ताक राज्य मोडले आणि वर्षभराने स्वतःस बादशहा म्हणवून घेतले. देशातील सर्वांत मोठा कवी व्हिक्टर ह्यूगो हद्दपार होऊन इंग्लिश खाडीतील गर्नसी बेटावर राहत होता. राजकीय विषयांवर लिहिणाऱ्या पत्रांस सरकारी संमती लागे, अनामत रक्कम भरावी लागे, आणि दोनदा ताकीद मिळाली की पत्र स्थगित होण्याची पाळी येई. कथाकादंबऱ्यांसाठी सरकारपाशी १८१९ चा एक जुना कायदा होता. सार्वजनिक व धार्मिक नीती आणि सदाचार यांस बाध आणणे, हा त्यातला गुन्हा. शब्द इतके सैल की त्यांत काय बसवावे आणि काय वगळावे, हे बव्हंशी वकिलाच्या मर्जीवर अवलंबून असे.

पहिला खटला ‘मादाम बोव्हारी’चा. रूआँजवळ क्रोआसे या गावी सेन नदीच्या काठच्या घरात बसून गुस्ताव्ह फ्लोबेरने साडेचार वर्षे ही एकच कादंबरी लिहिली. १८५६ च्या ऑक्टोबरपासून ती ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकात सहा हप्त्यांनी आली. हे नियतकालिक आधीच सरकारच्या डोळ्यांत सलत होते. तेव्हा संपादकांनी घाबरून कादंबरीतील काही भाग स्वतःच गाळले. बंद घोडागाडीचा सुप्रसिद्ध प्रसंग त्यातलाच. फ्लोबेर इतका संतापला की, गाळलेल्या मजकुरामुळे उरलेल्या तुकड्यांची जबाबदारी आपण घेत नाही, असा खुलासा त्याने त्याच नियतकालिकात छापून आणला. ही काटछाट कामी आली नाहीच. उलट गाळलेल्या जागी काहीतरी भयंकर असले पाहिजे, असे वाचकांस वाटू लागले.

२९ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसच्या न्यायालयाच्या सहाव्या दालनात फ्लोबेर, संपादक लोराँ-पिशा आणि मुद्रक पिले असे तिघे उभे राहिले. पिनार तेव्हा अवघ्या चौतीस वर्षांचा होता, म्हणजे आरोपी लेखकाहून वर्षाने लहान. या माणसाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. तथापि त्याचे भाषण वाचले असता एक गोष्ट कबूल करावी लागते की, या कादंबरीत नवे काय आहे हे तिच्या कित्येक स्तुतिपाठकांपेक्षा त्याला अधिक स्पष्ट दिसले होते. त्याचा मुद्दा असा : या ग्रंथात एका स्त्रीचा व्यभिचार आहे, पण तिला मान खाली घालावयास लावील असे एकही पात्र नाही. पती मूर्ख, औषधविक्या पोकळ, धर्मगुरू हास्यास्पद. मग तिचा निषेध करावयाचा कोणी? आणि लेखक तर कोठेच बोलत नाही. जुन्या कादंबरीत लेखक मधूनमधून वाचकाच्या कानाशी लागून बरेवाईट सांगत असे. फ्लोबेरने ती जागा रिकामी ठेवली. एम्माचे विचार तिच्याच शब्दांत, पण अवतरणचिन्हांवाचून, निवेदनात मिसळून दिले. ते मत लेखकाचे की त्या पात्राचे, हे कायद्याला उमगेना. पिनारने ज्याला गुन्हा म्हटले तीच फ्लोबेरची कला होती.

बचावासाठी रूआँचे ज्येष्ठ वकील सेनार उभे राहिले. १८४८ च्या राष्ट्रसभेचे हे एके काळचे अध्यक्ष. ते चार तास बोलले. आरोपीचे वडील रूआँच्या रुग्णालयाचे प्रमुख शल्यवैद्य होते, घराणे प्रतिष्ठित आहे, येथपासून त्यांनी आरंभ केला. एम्माच्या मृत्युसमयीच्या अंत्यविधीचे वर्णन धर्माची विटंबना आहे, असा आक्षेप होता. सेनारांनी चर्चचा विधिग्रंथच उघडून दाखविला आणि लेखकाने तेथूनच साहित्य घेतले असून ते सौम्यच केले आहे, हे सिद्ध केले. दुर्गुणाची किळस आणून सद्गुण शिकविणारा हा ग्रंथ आहे, असा त्यांच्या बचावाचा मथितार्थ. फ्लोबेरला नीतिपाठ देणारा लेखक ठरविणे म्हणजे त्याच्यावर एक प्रकारे अन्यायच होता. परंतु पिंजऱ्यातील माणसाला वकिलाशी वाङ्मयीन वाद घालता येत नाही. ७ फेब्रुवारी रोजी तिघेही निर्दोष सुटले. न्यायाधीशांनी मात्र निकालपत्रात कादंबरीला कडक शब्दांत दोष देऊन, वाङ्मयाचे कार्य मन उन्नत करण्याचे आहे, अशी समज दिली. फ्लोबेरने स्वतःच्या खर्चाने लघुलेखक बसवून भाषणे टिपून घेतली होती. १८७३ च्या आवृत्तीत कादंबरीला जोडून ती छापली गेली, आणि पिनार त्या ग्रंथासोबत अमर झाला.

एप्रिलमध्ये मिशेल लेव्हीने कादंबरी दोन भागांत बाजारात आणली. हक्क त्याने आठशे फ्रँकांना घेतले होते. खप असा झाला की लेखकाला वर पाचशे फ्रँक द्यावेसे त्याला वाटले. समीक्षक सेंत-बव्ह याने सरकारच्याच मुखपत्रात, ‘मॉनितर’मध्ये, ४ मे रोजी तिच्यावर लेख लिहिला व वैद्याचा हा मुलगा लेखणी शस्त्रासारखी चालवितो, असे निदान केले. दोनच दिवसांपूर्वी कवी आल्फ्रेद द म्युसे वारला होता. जुन्या रोमांचवादी पिढीचा सूर त्याच्याबरोबर आणखी क्षीण झाला.

जूनच्या अखेरीस शार्ल बोदलेरचा ‘ले फ्लर द्यु माल’ म्हणजे ‘दुरिताची फुले’ हा संग्रह निघाला. आलांसों या लहान शहरात पुले-मालासी या प्रकाशकाने तो छापला होता. बोदलेरही फ्लोबेरप्रमाणे १८२१ सालचाच. पण त्याच्या पाठीशी ना घराणे, ना गाव. वारशाचा पैसा त्याने उधळल्यामुळे घरच्यांनी १८४४ पासून त्याच्यावर कायदेशीर पालक नेमला होता. ५ जुलैला ‘फिगारो’ पत्रात गुस्ताव्ह बूर्दँ याने संग्रहावर विखारी लेख लिहिला आणि सरकारी यंत्रणा हलली. बोदलेरने प्रकाशकाला सगळी आवृत्ती लपविण्याविषयी घाईघाईने लिहिले. अनुकूल अशा चार लेखांची पुस्तिका काढून त्याने ती न्यायाधीशांसाठी तयार केली. सेंत-बव्ह त्याचा स्नेही. पण त्याने आपल्या नावाने एक ओळही प्रसिद्ध केली नाही, आणि हे मौन त्या थोर समीक्षकाच्या कीर्तीला शोभले नाही.

२० ऑगस्टला तेच दालन, तोच पिनार. या वेळी तो बराच सौम्य होता. कवी अस्वस्थ प्रकृतीचा आहे, त्याच्यावर दया करा, पण काही कवितांना शिक्षा करा, असे त्याने सुचविले. जानेवारीत हरलेला वकील शहाणा झाला होता. कादंबरीचा तुकडा तोडला तर ती अपुरी राहते. संग्रहातून मात्र सहा कविता उचलून बाजूस ठेवता येतात. न्यायासनाने नेमके तेच केले. धर्मनिंदेचा आरोप टिकला नाही, परंतु सहा कविता गाळण्याचा हुकूम झाला. कवीला तीनशे आणि दोघा प्रकाशकांना प्रत्येकी शंभर फ्रँक दंड झाला. नोव्हेंबरात बोदलेरने सम्राज्ञीला विनवणीचे पत्र लिहिले, तेव्हा त्याचा दंड पन्नासावर आला. गर्नसीहून ह्यूगोने त्याचे अभिनंदन केले. ही राजवट जी थोडी मानचिन्हे देऊ शकते त्यांपैकी एक तुम्हांस लाभले, असा त्याचा भाव होता. दंड भरणाऱ्याला असले अभिनंदन किती गोड लागले असेल, कोण जाणे!

दोन्ही निकालपत्रांत एक शब्द समान आहे : वास्तववाद. त्याच वर्षी शांफ्लरीने ‘ल रेआलिस्म’ याच नावाचा ग्रंथ काढला होता. गंमत अशी की, फ्लोबेरला या शब्दाचा तिटकारा होता आणि बोदलेरला तो लागूच पडत नव्हता. न्यायाधीशांच्या लेखी मात्र जे जे अप्रिय ते ते वास्तव.

त्या उन्हाळ्यात आणखी दोन मृत्यू झाले. १६ जुलैला लोकप्रिय गीतकार बेरांजे गेला. बूर्बाँ राजांनी आपल्या गाण्यांपायी त्याला दोनदा तुरुंगात टाकले होते. आता निदर्शने होऊ नयेत म्हणून नव्या सरकारने त्याची अंत्ययात्रा दुसऱ्याच दिवशी सैन्याच्या पहाऱ्यात उरकली. ३ ऑगस्टला ‘पॅरिसची रहस्ये’ लिहिणारा ओजेन स्यू आनसी येथे हद्दपारीत वारला. तरीही सप्टेंबरात त्याच्या ‘ले मिस्तेर द्यु पप्ल’ या प्रचंड कादंबरीवर खटला चाललाच. प्रकाशकाला व मुद्रकाला शिक्षा झाली आणि ग्रंथ नष्ट करण्याचा हुकूम सुटला. तिघांत सर्वांत कठोर निकाल हाच. स्यू कामकऱ्यांच्या बाजूचा, श्रमिकांच्या इतिहासाचा कथाकार होता, हे येथे विसरता येत नाही.

‘रव्ह्यू द पारी’ पुढच्याच वर्षी कायमचे बंद पाडण्यात आले. पिनार १८६७ साली गृहमंत्री झाला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला बोदलेर मरण पावला. १८६१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने गाळलेल्या सहांच्या जागी तीसहून अधिक नव्या कविता घातल्या होत्या, आणि त्या सहा कविता १८६६ साली पुले-मालासीने बेल्जियममध्ये छापल्या. फ्रान्सने १९४६ साली असे जुने निकाल पुन्हा तपासता यावेत म्हणून खास कायदा केला. त्यान्वये लेखकांच्या संस्थेने अर्ज केला आणि ३१ मे १९४९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५७ ची शिक्षा रद्द ठरविली.