कंदिलाचे पेन्सिलचित्र

कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ साली सुरू झालेल्या वीजकेंद्राची वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. नगराच्या इतिहासात या वर्षाचा उल्लेख गौरवाने होतो. तथापि रस्ता उजळला म्हणून माजघरही उजळले, असे झाले नाही. सामान्य घरांतील दिवाबत्ती पुढेही दीर्घकाळ रॉकेलवरच चालली आणि तिचा मुख्य आधार कंदील हाच होता. १९१६ साली स्थापन झालेल्या ओगल्यांच्या काचकारखान्यामुळे मराठी घरांत तो ‘प्रभाकर’ या स्वदेशी नावाने रुळला.

वीज घरात आली तसा कंदील माळ्यावर गेला आणि तेथून मोडीत. मोडीत त्याचे मोल वजनावर ठरते. अशा वस्तूचे यथार्थदर्शी पेन्सिलचित्र म्हणूनच निव्वळ हस्तकौशल्याचा नमुना राहत नाही; ते एक ऐतिहासिक साधन ठरते.

ही शिस्त आपल्याकडे वसाहतकाळातील कलाशाळांनी रुजवली. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ सालचे. पुढे एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील ‘वस्तुचित्र’ या विषयाने ती शाळाशाळांत पोहोचवली. डोळ्याच्या पातळीखाली येणारी टाकी लंबवर्तुळ होते, हे विद्यार्थी तेथे शिकला. पण कंदील याहून अधिक मागतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या केवळ काचेचा आधार नव्हेत. वरची हवा त्या ज्योतीपर्यंत आणतात. हे न उमगता काढल्यास त्या नुसत्या दांड्या दिसतात. काच तर थेट काढताच येत नाही. तिच्या कडेची गडद रेषा, पलीकडून दिसणारी तार आणि कोऱ्या कागदाचा राखलेला कवडसा यांतूनच ती साकारते.

काचेच्या माथ्याशी पेन्सिल गडद होते, तेथे काजळी असते. तिन्हीसांजेपूर्वी ती काच पुसणे, वात कातरणे, रॉकेल भरणे ही कामे बहुधा घरातील स्त्रिया व मुले करीत. वीजकेंद्राच्या इतिहासात अभियंत्यांची नावे येतात. या हातांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. वस्तू सुबक दिसावी म्हणून काजळी, पोचे आणि झिजलेली कडी वगळणारा चित्रकार नकळत तीच उपेक्षा पुढे चालवतो. त्या खुणा निष्ठेने टिपणाऱ्या चित्रात मात्र कंदिलाबरोबर त्याचे घरही उरते.