हातांना शिकविणारी शाळा : साताऱ्यापासून पाबळपर्यंत

भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. त्यांपैकी मसि व वाणिज्य आपल्या व्यापारी घराण्यांनी निष्ठेने जोपासले. कृषीची परंपरा दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या शेतकरी बांधवांनी राखली. मात्र शाळेच्या वर्गात कृषी आणि शिल्प यांना फारसे स्थान उरले नाही. मी स्वतः बी.कॉम. झालो, ताळेबंद वाचावयास शिकलो. परंतु दुकानातील पंखा बंद पडला की आजही मला दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

ही उणीव फार पूर्वी ओळखणारे महापुरुष आपल्याच समाजात जन्मले, याचा सार्थ अभिमान वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडताना त्यांनी रयतेचे अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि एकत्र राबत. वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ‘कमवा व शिका’ हे त्याचे सूत्र होते. शेतात आणि बांधकामावर घाम गाळून विद्यार्थी आपले शिक्षण आपणच मिळवीत. कष्टाची लाज सोडून विद्या घेणे, हाच त्यांचा पहिला धडा होता.

याच सुमारास, १९३७ च्या वर्धा परिषदेत, महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा विचार मांडला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. शिफारस उत्तम होती, पण अनेक ठिकाणी तिचा केवळ एक तास उरला. प्रांजळपणे सांगतो, माझ्या मुलाच्या कार्यानुभवाची वस्तू आम्ही बाजारातून आणून दिली आणि तिला पूर्ण गुण मिळाले! दोष एकट्या शाळेचा नव्हता. आम्हा पालकांचाही होता.

अशा काळात डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. अमेरिकेतून डॉक्टरेट मिळविलेल्या व मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेल्या या गृहस्थाने १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम उभारला. त्यांच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला देतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. मुले वेल्डिंग करतात, विजेची जोडणी शिकतात, रोपवाटिका सांभाळतात, जनावरांच्या खाद्याचा हिशेब मांडतात. शिकविणारे बहुधा गावातीलच कुशल कारागीर असतात. शिकलेल्या कामाचा उपयोग गावाला होतो, त्याचे मोल मिळते आणि काम कच्चे राहिले तर ते लगेच उघडे पडते. येथे बाजारातून आणलेली वस्तू चालत नाही! डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. त्यांचे कार्य मात्र पुढे चालू राहिले.

सुज्ञ वाचकहो, आपल्या न्यासाने पन्नास वर्षांत शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या-पुस्तके वाटली. हे पुण्यकर्म आहेच. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एका तरी शाळेस एक छोटी कार्यशाळा व दोन गुंठ्यांची बाग देता आली, तर षट्कर्मांतील विस्मृतीत गेलेली दोन कर्मे आपण पुन्हा मुलांच्या हाती सोपवू. आपल्या घरची मुलेही तेथे पाठवावीत, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.