वायदा : न आलेल्या मूल्याचा इतिहास

मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ. 'वायदा' शब्दाचा अर्थ इथे मी काय सांगणार! पण १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी योजना ज्येष्ठांना आठवत असेल. कापूस केंद्रावर घातला की हमीभाव. पुढे विक्रीत नफा उरला तर बोनस. किती, कधी, ठाऊक नाही. तरी माणूस घरी जाता जाता ठरवायचा : बोनस आला की उधारी फेडायची, उरलं तर बैल घ्यायचा. रक्कम हातात नाही, पण तिच्यावरचे व्यवहार मांडून तयार.

संगणकशास्त्रात हाच प्रश्न सत्तरच्या दशकात आला. उत्तर यायला वेळ आहे, तोवर यंत्राने नुसतं बसून राहायचं का? १९७६ साली डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी अशा येणाऱ्या मूल्याला 'प्रॉमिस' म्हटलं. १९७७ साली हेन्री बेकर आणि कार्ल ह्यूइट यांनी 'फ्यूचर'. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे, वायदा.

हा विचार फंक्शनल प्रोग्रामिंगच्या अंगणात रुजला, याला कारण आहे. तिथे एकदा ठरलेलं मूल्य बदलत नाही. मग ते आत्ता मिळालं काय, तासाने मिळालं काय, हिशेब तोच. आणि वायद्यावर फंक्शन लावलं की हाती नवा वायदा येतो : बोनसचा वायदा, त्यावरून फेडीचा, त्यावरून बैलाचा. साखळी आधी बांधायची, मूल्य मागून येईल.

पण वायदा मोडला तर? १९८८ साली बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी अपयशालाही वायद्यातच जागा दिली. मूल्य मागणाऱ्याला एक तर मूल्य मिळेल, नाही तर काय बिघडलं ते कळेल. २०१५ साली जावास्क्रिप्टच्या प्रमाणरूपात प्रॉमिस आलं, तेव्हा यशाची आणि अपयशाची अशा दोन वाटा सोबतच आल्या.

आता माझा विषय. वैशेषिक 'प्रागभाव' सांगतात : घडा होण्याआधी असलेला घड्याचा अभाव. घडा झाला की तो संपतो. जो घडा कधी होणारच नाही, त्याचा प्रागभावही नसतो. गंमत अशी, की वाट बघणाऱ्याला आज यातलं कुठलं, हे कळत नाही. म्हणून दोन्ही वाटा आधीच लिहून ठेवायच्या. बोनस आला नाही तर काय, हे ज्याने ठरवलं नव्हतं, त्याला पुन्हा सावकाराचंच दार होतं.