करपत्रकातले कुटुंब

एकाच पगारावर एखादा माणूस एकटा राहतो, दुसऱ्याचे सहा जणांचे घर चालते. दोघांवर सारखाच आयकर बसावा का? आपल्याकडे या प्रश्नाला करदरांच्या तक्त्यातच उत्तर दिले ते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी. 1955 च्या अर्थसंकल्पात त्यांनी शून्य दराचा पहिला टप्पा विवाहितांसाठी 2,000 रुपयांचा आणि अविवाहितांसाठी 1,000 रुपयांचा केला. रक्कम लहान, पण तत्त्व मोठे: मिळकतीबरोबर त्या मिळकतीवर पोसली जाणारी माणसेही पाहायची.

विचार जुनाच होता. इंग्लंडात 1799 मध्ये पिटने आयकर आणला तेव्हा मुलांमागे सूट होती. ती पुढे रद्द झाली आणि 1909 मध्ये लॉइड जॉर्जने परत आणली: मिळकत वर्षाला 500 पौंडांच्या आत असेल, तर 16 वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे 10 पौंड.

हिंदुस्थानात आयकर 1860 मध्ये जेम्स विल्सनने आणला. 1886 च्या कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंबाला करदाता म्हणून ओळखले, आणि आजही कर्त्याच्या सहीने अशा कुटुंबाचे वेगळे विवरणपत्र भरले जाते. पण कायद्याला दिसत होती ती कुटुंबाची मालमत्ता. घरात किती तोंडे जेवतात याची मोजदाद त्यात नव्हती. मुंबईतल्या कचेरीत नोकरी करून कोकणातल्या घराला दरमहा मनीऑर्डर धाडणारा माणूस करपात्र ठरला, की त्याचा पगार त्याच्या एकट्याचाच धरला जाई. घर एकत्र असले तरी.

देशमुखांनंतर दोन-तीन वर्षांतच मुलेही हिशेबात आली. विवाहित पण निपुत्रिक करदात्याला 3,000 रुपये, एक मूल असेल तर 3,300, दोन किंवा अधिक असतील तर 3,600 अशी करमुक्त मर्यादा ठरली. तिसऱ्या मुलाला काही नाही. ही व्यवस्था फार टिकली नाही. सत्तरच्या दशकातल्या दरतक्त्यांत एकट्याला आणि कुटुंबवत्सलाला एकच मर्यादा दिसते. सोपेपणा आला हे खरे, पण माझ्या मते त्या सोपेपणात मूळ तत्त्व गमावले.

त्यानंतर कुटुंब करपत्रकात राहिले ते पावत्यांपुरते. शाळेची पावती समोर धरली, तर ट्यूशन फीचा आकडा कलम 80सी मध्ये धरता येतो, तोही दोनच मुलांचा; बसचे पैसे आणि देणगी बाजूला. पगारातला मुलांचा शिक्षणभत्ता दरमहा, दर मुलामागे 100 रुपयांपर्यंत करमुक्त होता. नव्वदच्या दशकात ठरलेला हा आकडा पाव शतकाहून अधिक काळ हलला नाही. उलट, मुलांच्या नावावर ठेवी ठेवून कर वाचवण्याची वाट मात्र 1992 च्या वित्त कायद्याने बंद केली. अज्ञान मुलाचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवायचे, सूट मुलामागे 1,500 रुपये.

आईवडिलांच्या आरोग्यविम्यासाठी 2008 मध्ये वेगळी मर्यादा मिळाली. यात एक चांगली गोष्ट आहे: आईवडील अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही, त्यामुळे लग्न झालेली मुलगीही त्यांचा हप्ता भरून वजावट घेऊ शकते. सासूसासरे मात्र ‘आईवडिलां’त बसत नाहीत. सुनेने स्वतःच्या पगारातून सासूच्या पॉलिसीचा हप्ता भरला, तर कायद्याच्या दृष्टीने तिने कोणासाठी काहीच केलेले नसते. ज्या समाजात सासूचे आजारपण बहुधा सूनच काढते, तिथे हे मला पटत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे कलम 80डीडी: अवलंबून असलेला जोडीदार, मूल, आई, वडील, भाऊ किंवा बहीण दिव्यांग असेल तर ठरावीक वजावट. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाला 75,000, 80 टक्के वा अधिक असेल तर 1,25,000 रुपये. प्रत्यक्ष खर्च यापेक्षा कमी झाला तरी पूर्ण रक्कम मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. देशमुखांच्या तत्त्वाच्या सर्वांत जवळचे कलम हेच.

आणि नेमके तेच नव्या करपद्धतीत नाही. कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नसलेली ही पद्धत 2020 मध्ये ऐच्छिक म्हणून आली, 2023-24 पासून ती आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर निवडून घ्यावी लागते. ज्यांचे उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे त्यांना 2025-26 पासून बहुधा कर लागतच नाही, म्हणून त्यांना फरक पडणार नाही. त्यावर कमावणाऱ्या आणि घरी मतिमंद मुलगा किंवा अंथरुणाला खिळलेली बहीण सांभाळणाऱ्या माणसाला मात्र नव्या पद्धतीत एकट्या माणसाइतकाच कर आहे. विम्याच्या आणि फीच्या सवलती गेल्या, तर निदान दुसरीकडे दर उतरल्याचे समाधान आहे. दिव्यांगाच्या सांभाळाला तसा पर्याय नाही. ही एक वजावट सरकारने नव्या पद्धतीत आणावी. तोवर अशा घरांतल्या पगारदारांनी विवरणपत्र भरण्यापूर्वी दोन्ही पद्धतींनी कर मोजून पाहावा. धंद्याचे उत्पन्न नसेल तर ही निवड दरवर्षी बदलता येते.