उणे दोनचा इतिहास

तर मंडळी, आज एका आकड्याची गोष्ट. उणे दोन.

दिवाळीत नारायणगडाला गेलो होतो. (जुन्नरजवळचा किल्ला नव्हे हो! बीड तालुक्यातला, नगद नारायण महाराजांचा. ‘धाकटी पंढरी’ म्हणतात तो.) जवळच्या गावात माझा मावसभाऊ असतो. त्याच्या पोरीला एक जुना लॅपटॉप मिळालेला. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले, म्हणून तिनं मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. सगळं चाललं, फक्त यूएसबीचा वायफाय अडॅप्टर सोडून. "काका, अडॅप्टर दिसतंय की, पण नेटच सापडंना!" घरात नेट म्हणजे बापाचा फोन, आणि बाप दोन दिवसांनी ऊसतोडीला निघणार. मग हिनं शिष्यवृत्तीचा फॉर्म शेजारच्या दुकानाच्या वायफायवरूनच भरायचा.

कर्नलचे संदेश उघडले. ‘फर्मवेअर लोड होऊ शकलं नाही, एरर उणे दोन.’ युनिक्समध्ये दोन नंबरची चूक म्हणजे ‘अशी फाइलच नाही’. म्हणजे अडॅप्टर ठीक, ड्रायव्हर ठीक, फाइल गायब. ती फाइल नेटवर, आणि नेटसाठी ती फाइल हवी... आता बोला! बापाचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं (त्याला वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही), फर्मवेअरचं पॅकेज उतरवलं, अडॅप्टर काढून परत लावला. झालं काम.

पण फाइल मुळात का नव्हती? गंमत इथे आहे.

अडॅप्टरमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याचा प्रोग्रॅम कायमचा चिपमध्ये ठेवायचा तर जास्तीची मेमरी लागते, पैसे लागतात. म्हणून बऱ्याच कंपन्या तो संगणकाकडूनच दर वेळी भरून घेतात. विंडोजमध्ये तो ड्रायव्हरसोबतच येतो, कळतसुद्धा नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलचा, सगळ्यांचा. फर्मवेअर मात्र कंपनीच्या मालकीचं. ते वाटायलाही तिची परवानगी हवी.

इंटेलचं सेंट्रिनो मार्च २००३ मध्ये आलं आणि लॅपटॉप म्हटला की वायफाय असं समीकरण झालं. लिनक्सवाले मात्र बाहेरच. त्याच सुमारास एनडीआयएसरॅपर नावाचा जुगाड निघाला: विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये घुसवायचा! चालायचं, कधी कधी अख्खी मशीन घेऊन झोपायचं. विरोधाभास बघा, लिंक्सिसच्या प्रसिद्ध डब्ल्यूआरटी५४जी राऊटरमध्ये लिनक्सच होतं. २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड उघड करावा लागला, त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. पण त्यातल्या ब्रॉडकॉम चिपचा वायफाय ड्रायव्हर? तो बंद पेटीतच!

ती पेटी काही लोकांनी मोठ्या नेकीने उघडली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते एवढंच लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरला हात न लावता, फक्त ते टिपण वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप नको म्हणून एवढा सोवळेपणा. जून २००६ मध्ये तो कर्नल २.६.१७ मध्ये दाखल झाला. तरी फर्मवेअर उरलंच. ते विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून घ्यायला वेगळी कात्री लिहावी लागली, नावच ‘फर्मवेअर कटर’. ब्रॉडकॉमने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, तोही फक्त तेव्हाच्या नव्या चिपांसाठी.

दुसऱ्या बाजूला डेबियन. जे खुलं नाही ते अधिकृत सीडीवर नाही, हा त्यांचा बाणा. तत्त्व मला पटतं. पण त्याची किंमत शहरात ब्रॉडबँडची केबल असलेल्याने मोजली नाही, ती अशा पोरींनी मोजली. २०२२ मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच आलं. माझ्या मते उशिरा, पण बरोबर केलं. मैत्रिणीचा पेनड्राइव्ह त्याआधीचा होता, म्हणून हा सगळा खटाटोप.

आणि आपलं सरकार? १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा होता. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो जानेवारी २००५ च्या नियमांनी. त्यातही अटी: ट्रान्समीटर जास्तीत जास्त १ वॅटचा, अँटेनाची ताकद धरून ४ वॅट. देशोदेशीचे असे नियम लिनक्स एका यादीत ठेवतं. म्हणूनच अडॅप्टरला देश अमेरिका लागला असेल तर तेरावं चॅनल दिसतच नाही, आणि भारताचा कोड दिला की दिसतं. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा व्हायला मात्र ऑक्टोबर २०१८ उजाडलं.