कमानपाट्याचे बुश

कमानपाट्याचे बुश म्हणजे मालमोटारी, पिकअप आणि काही एसयूव्ही वाहनांच्या कमानपाट्यांच्या, अर्थात लीफ स्प्रिंगच्या, टोकांशी बसवलेली नळीच्या आकाराची अस्तरे होत. पाटा चासीला जोडणारा बोल्ट किंवा पिन बुशमधून जाते. बुशमुळे पाट्याचे टोक न घासता थोडे फिरू शकते आणि रस्त्याचे हादरे चासीपर्यंत कमी पोहोचतात. बुश हा झिजणारा सुटा भाग असून तो ठरावीक काळाने बदलावा लागतो.

रचना

पाट्यांच्या संचातील सर्वांत लांब पात्याची टोके गोल वळवलेली असतात. त्या वळ्याला ‘डोळा’ म्हणतात. बहुतेक वाहनांत मागील पाट्याचा पुढचा डोळा चासीवरील कंसाला जोडलेला असतो, तर मागचा डोळा शॅकल या झुलत्या दुव्याला जोडलेला असतो. भार वाढल्यावर कमान सपाट होऊन पाटा लांबतो. ही वाढ शॅकलच्या झुलण्याने सामावली जाते. त्यामुळे एका पाट्यास सामान्यतः तीन ठिकाणी बुश लागतात: पुढचा डोळा, मागचा डोळा आणि शॅकलचे चासीकडील टोक.

प्रकार

* रबरी बुश: धातूच्या नळ्यांमध्ये रबर चिकटवलेले असते. यात घसरण होत नाही. रबर पीळ खाऊन हालचाल सामावते. हलक्या वाहनांत हा प्रकार प्रचलित आहे.
* पॉलियुरेथेन बुश: रबरापेक्षा कठीण व टिकाऊ, मात्र हादरे अधिक जाणवतात आणि वंगण कमी पडल्यास करकर आवाज येतो.
* कांस्य बुश: जड मालमोटारींत पिनभोवती फिरणारा बुश. त्यास निप्पलमधून नियमित ग्रीस द्यावे लागते.

झिजेची लक्षणे

कमानपाटा भार पेलतो, तसाच ॲक्सल जागेवर धरून ठेवतो. म्हणून झिजलेल्या बुशचा परिणाम वाहनाच्या दिशेवरही होतो. गतिरोधकावर खडखडाट होणे, वेग वाढवताना वा ब्रेक लावताना मागून ठोका ऐकू येणे, वाहन एका बाजूस ओढणे आणि टायर असमान झिजणे ही प्रमुख लक्षणे आहेत. पहारीने पाट्याचे टोक हलवून पाहिल्यास सैलपणा दिसतो. दुर्लक्ष केल्यास बोल्ट आणि डोळाही झिजतो व खर्च वाढतो.

बदलण्याची पद्धत

वाहन सपाट, कठीण जमिनीवर उभे करून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावतात. चासी घोडीवर टेकवून ॲक्सलखाली वेगळा जॅक देतात आणि तो वरखाली करून पाट्यावरील ताण काढतात. केवळ जॅकच्या आधारावर वाहनाखाली काम करणे प्राणघातक ठरू शकते. ॲक्सल जागेवरून सरकू नये म्हणून एका वेळी एकाच बाजूचे काम केले जाते.

गंजलेल्या बोल्टवर आधीपासून गंज सोडवणारे तेल मारून ठेवतात. बोल्ट निघाल्यावर जुना बुश प्रेसने अथवा आट्यांच्या दांड्याने ओढून काढतात. रबर जाळून काढल्यास विषारी धूर होतो, तसेच उष्णतेने पाट्याचे पोलाद कमकुवत होऊ शकते. डोळा घासून स्वच्छ केल्यावर नवा बुश सरळ रेषेत दाबून बसवतात. रबरी बुशसाठी साबणाचे पाणी, तर पॉलियुरेथेनसाठी सिलिकोन ग्रीस वापरतात. खनिज तेलाने रबर फुगून खराब होते. पाटा पूर्ण उतरवला असल्यास यू-बोल्ट नवे घालून काही अंतर धावल्यावर पुन्हा आवळतात.

अंतिम आवळणी

रबरी बुशचे बोल्ट वाहन चाकांवर उतरवून, नेहमीच्या उंचीवर असतानाच उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळणे आवश्यक असते. बोल्ट आवळताच बुशची आतली नळी स्थिर होते. ॲक्सल लोंबकळत असताना ते आवळल्यास वाहन खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. पिनभोवती मोकळेपणे फिरणाऱ्या बुशमध्ये असा पीळ साठत नाही.