नारू, गांडूळ आणि पोटातली पोकळी



मी इतिहास शिकविणारा माणूस. प्राणिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु प्राण्यांच्या वर्गीकरणालाही इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात घरातच करता येते. बकर ईदला बकऱ्याचे पोट उघडताना आपण पाहिले असेल. आतडी पोटाच्या भिंतीला चिकटलेली नसतात. पातळ पडद्याने ती पोकळीत टांगलेली असतात. ही पोकळी म्हणजे देहगुहा.

आपल्या बडनेऱ्यात पावसाळ्यात मातीतून वर येणाऱ्या गांडुळालाही अशीच, सर्व बाजूंनी अस्तर असलेली, खरी देहगुहा असते. बकऱ्याच्या कलेजीत कधीकधी सापडणारा पानासारखा चपटा कृमी मात्र आतून भरीव. तिसरा नारू. जुन्या मंडळींना तो सांगावा लागत नाही. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी प्यावे आणि वर्षभराने पायाच्या फोडातून दोन-तीन फूट लांब दोरा बाहेर यावा. तो काडीवर गुंडाळीत रोज थोडा थोडा ओढायचा. नारूच्या शरीरातही पोकळी असते, पण तिला आतड्याच्या बाजूने अस्तर नसते. म्हणून ती फसवी देहगुहा.

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी आपल्या 'कानून' या वैद्यकग्रंथात या विकाराचे वर्णन केले आहे. अरबी वैद्य त्याला 'इर्क मदनी' म्हणजे मदिनेची शीर म्हणत. ही शीर की किडा, हा वाद पुढे कित्येक शतके चालला. १७५८ मध्ये लिनियसने नारूला कृमींत बसविले व त्याच्या शास्त्रीय नावात मदिना राखली. पण त्याचा 'कृमी' वर्ग म्हणजे एक गाठोडेच होते! गांडूळ, नारू, कलेजीतला कृमी, इतकेच काय गोगलगायसुद्धा त्यात बांधलेली.

गाठोडे सुटले ते शरीराच्या आत पाहिल्यावर. फ्रान्सच्या क्युव्हिएने १८१७ मध्ये शरीररचनेच्या आराखड्यावरून प्राण्यांचे चार मोठे गट पाडले. देहगुहेला शास्त्रीय नाव दिले जर्मनीच्या हेकेलने, १८७२ मध्ये. पुढे देहगुहाहीन, फसवी व खरी देहगुहा असलेले, ही विभागणी पाठ्यपुस्तकांत रुळली. परीक्षेत ती आजही विचारतात, तेव्हा मुलांनी ती जरूर शिकावी.

दरम्यान १८७० मध्ये फेदचेन्को या रशियन संशोधकाने नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवात वाढतात हे दाखविले. म्हणजे पाणी फडक्याने गाळले तरी रोग टळतो! त्यासाठी ना औषध लागते ना लस. तरीही आपल्या देशात राष्ट्रीय मोहीम निघायला १९८३-८४ साल उजाडले. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, गाळणी वाटली गेली; १९९६ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

देहगुहेची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. १९९७ मध्ये जनुके तपासणाऱ्या संशोधकांनी दाखविले की कात टाकणारे प्राणी एकमेकांचे नातलग आहेत. गोलकृमी कात टाकतात, म्हणून नारू गांडुळापेक्षा झुरळाला व खेकड्याला जवळचा. आणि भरीव चपटा कृमी उलट गांडुळाच्या बाजूला गेला. पोकळीवरून लावलेले नाते इथे फसले. ज्याच्या देहपोकळीत नारूची पिल्ले वाढतात, तो सायक्लॉप्सही कात टाकणाराच.